जॉर्डन लव्हची निवड चुकली होती का? २०२० च्या ड्राफ्टवरून भांडणाऱ्या दोन मित्रांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोन वर्षांपूर्वी मिलवॉकीला आलात, ऑफिसातल्या दोघा मित्रांमुळे ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने बघायला लागलात, आणि एप्रिल उजाडला की ते दोघं २०२० च्या ड्राफ्टवरून (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमावरून) हमरीतुमरीवर येतात. एकाचं म्हणणं, जॉर्डन लव्ह या नव्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्याला) घेतलं तिथेच संघाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचा दुसरा सुपर बोल (लीगचं विजेतेपद) गेला. दुसऱ्याचं म्हणणं, त्या निवडीनेच संघ पुढे तरला. दोघांत बरोबर कोण, आणि निवड चुकली हे ठरवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

हे कोण सांगतंय ते आधी कळलेलं बरं. मी सव्वीस वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. त्यातली एकोणीस वर्षं नोकरी सांभाळून, आधी एका हायस्कूलच्या आणि मग एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी फिल्म बघण्याचं काम करतोय. शाळकरी पोरांच्या सामन्यांच्या फिती पुन्हा पुन्हा बघायच्या आणि कोणाला आपल्याकडे बोलवावं याचं मत प्रशिक्षकांना लेखी द्यायचं, एवढंच ते काम. एनएफएलशी, म्हणजे पॅकर्स खेळतात त्या व्यावसायिक लीगशी, माझा व्यावसायिक संबंध नाही. पण पारख करण्याची रीत खालपासून वरपर्यंत बरीचशी एकच आहे, आणि चुकण्याच्या रीतीही त्याच आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लव्हची निवड चुकीची नव्हती. त्या ड्राफ्टमधली खरी चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत झाली, आणि आणखी एक चूक झाली ती रॉजर्सना विश्वासात न घेण्याची. तुमचे मित्र सहा वर्षं भलत्याच क्रमांकावर भांडतायत.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी एक फरक सांगायला हवा. लिलावात पैसा ओतला की हवा तो खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये पैसा चालत नाही, रांग चालते. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाचा पहिला नंबर. २०१९ मध्ये पॅकर्स १३ सामने जिंकले, ३ हरले आणि सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे थांबले, म्हणून २०२० ला पहिल्या फेरीत त्यांचा नंबर तिसावा होता. रांगेत पुढे सरकायचं तर आपला दुसरा एखादा नंबर समोरच्याला द्यावा लागतो. पॅकर्सनी तेच केलं. मायामीच्या संघाला आपला तिसावा आणि चौथ्या फेरीतला १३६ वा नंबर दिला, सव्विसावा घेतला, आणि त्यावर यूटा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह निवडला.

लोक का भडकले ते समजून घेण्यासारखं आहे. तीनच महिन्यांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोने पॅकर्सना ३७–२० असं हरवलं होतं. त्या सामन्यात त्यांच्या रहीम मोस्टर्टने एकट्याने २२० यार्ड धावून चार टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेणं) केले. सगळा संघ मिळून २८५ यार्ड धावला आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात जेमतेम आठ वेळा चेंडू फेकला, कारण फेकायची गरजच पडली नाही. दुसऱ्या बाजूला रॉजर्सकडे दवांते ॲडम्स सोडला तर भरवशाचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) नव्हता. म्हणजे घरात दोन भगदाडं उघडी दिसत होती: धाव अडवणारा बचाव आणि दुसरा रिसीव्हर. अशा वेळी संघ रांगेत पुढे सरकतो आणि एक क्वार्टरबॅक घेतो, जो निदान दोन वर्षं बाकावरच बसणार. त्या रात्री माझ्या घरी फोनवर फोन येत होते आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, हे काय केलं यांनी?

ग्रीन बेमध्ये हा राग इतर शहरांहून जास्त खोल जातो. लाखभर वस्तीचं हे गाव, आणि संघाला कोणी एक मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. शेअरवर लाभांश मिळत नाही, तो विकून नफाही होत नाही, तरी लोक तो चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. २०११ मध्ये २५० डॉलर देऊन घेतलेला एक माझ्याकडेही आहे. त्यामुळे इथला माणूस ‘त्यांनी चूक केली’ म्हणत नाही, ‘आपण चूक केली’ म्हणतो.

आता निवड कशी तपासायची ते. मी निवडीचं मत लिहितो तेव्हा खेळाडू, किंमत आणि गरज या गोष्टी वेगवेगळ्या तपासतो. बहुतेक भांडणांत एक जण खेळाडूबद्दल बोलत असतो, दुसरा गरजेबद्दल, आणि दोघांना वाटतं आपण एकाच विषयावर वाद घालतोय. तुमच्या मित्रांचं नेमकं तेच झालंय.

खेळाडू म्हणून लव्ह कसा होता? कागदावर धोक्याचा. २०१८ मध्ये त्याचे ३२ टचडाउन पास होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले चेंडू फक्त ६. पुढच्या वर्षी टचडाउन २० वर आले आणि हातचे गेलेले चेंडू १७ झाले. नुसते आकडे बघणारा माणूस इथेच फाइल बंद करतो. पण त्या दोन हंगामांच्या मधे मुख्य प्रशिक्षक बदलला होता, खेळण्याची पद्धत बदलली होती आणि बरोबरीचे बरेच अनुभवी खेळाडू निघून गेले होते. अशा वेळी फिल्ममध्ये बघायचं असतं ते हे: चेंडू चुकीच्या जागी गेला, की बरोबर जागी गेला आणि तिथे असायला हवा होता तो रिसीव्हर पोचलाच नाही? पाय डळमळले का? फटका बसणार हे दिसत असतानाही नजर पुढेच राहिली का? लव्हचा हात विलक्षण होता. धावता धावता, अंग वळलेलं असताना तो पन्नास यार्डांवर अलगद चेंडू टाकायचा. शिकवता येत नाही ते त्याच्याकडे होतं, आणि नव्हतं ते बरंचसं शिकवता येण्यासारखं होतं.

मला हे कळतं कारण उलटी चूक मी केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेचा क्वार्टरबॅक मी बाद केला, नऊ सामन्यांत चौदा चेंडू गमावले म्हणून. दुसऱ्या कॉलेजने त्याला घेतलं आणि पुढची तीन वर्षं तो आमच्याविरुद्ध खेळला. त्याच्या जुन्या फिती मी परत काढून बघितल्या तेव्हा त्या चौदांपैकी सात वेळा रिसीव्हरने वळण चुकीच्या बाजूला घेतलं होतं. मी चेंडू बघत बसलो होतो, रिसीव्हरचे पाय बघितलेच नव्हते. तेव्हापासून आकडा बघून मत लिहायचं मी सोडलं.

किंमत. संघ रांगेतल्या नंबरांची अदलाबदल करतात तेव्हा अनेक वर्षं एक तक्ता वापरला जातो. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार झाला. पहिल्या नंबराला ३००० गुण, आणि तिथून उतरत जायचं. तिसाव्याला ६२०, सव्विसाव्याला ७००, १३६ व्याला ३८. म्हणजे पॅकर्सनी ६५८ गुण देऊन ७०० घेतले. हा तक्ता काही वेदवाक्य नाही. केड मॅसी आणि नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी दाखवून दिलंय की संघ वरच्या नंबरांना अवाच्या सवा महत्त्व देतात. त्यांच्या अभ्यासात एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचं प्रमाण साधारण ५२ टक्के निघालं. नाणं उडवल्यापेक्षा थोडंसंच बरं. हे ऐकल्यावर रांगेत पुढे सरकण्याचा हव्यास कमी व्हायला हवा, हे खरं. पण पॅकर्सनी महाग सौदा केला असं कोणी म्हणत असेल, तर ते हिशेबाला धरून नाही.

पैशाची बाजूही बघा. २०११ पासून नवख्या खेळाडूंचे पगार नंबरानुसार बांधलेले आहेत. २०१० मध्ये पहिल्या नंबरावर गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी. लव्हचा पहिला करार चार वर्षांचा, सगळे मिळून सुमारे १.२४ कोटी डॉलर. शिवाय पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षी राखण्याचा हक्क संघाकडे असतो, तो दुसऱ्या फेरीत मिळत नाही. बाकावर बसवून तयार करायच्या क्वार्टरबॅकसाठी ते एक जादा वर्ष फार मोलाचं असतं. पहिल्या फेरीच्या शेपटाला संघ क्वार्टरबॅक उचलतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

राहिली गरज, आणि इथे तुमच्या पहिल्या मित्राला वाटतं आपली बाजू भक्कम आहे. ‘जस्टिन जेफरसन घेता आला असता’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. नसता आला. जेफरसन बाविसाव्या नंबरावर मिनेसोटाने घेतला. तो हवा होता तर तिसाव्यावरून त्यांच्याही पुढे उडी मारावी लागली असती, आणि त्याची किंमत चौथ्या फेरीतल्या एका नंबराने भागली नसती. ब्रँडन आयुक पंचविसाव्यावर गेला. पॅकर्सना खरोखर मिळू शकले असते ते टी हिगिन्स आणि मायकल पिटमन, जे तेहतीस आणि चौतिसाव्यावर गेले. हिगिन्सने पहिल्याच वर्षी ९०८ यार्ड केले. तेव्हा ‘लव्हऐवजी हिगिन्स’ हा प्रामाणिक प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधायला २४ जानेवारी २०२१ चा सामना परत बघा. पॅकर्सच्या घरच्या लँबो फील्डवर, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, टॅम्पा बे ३१, पॅकर्स २६. तुमचा मित्र म्हणतो तो हुकलेला सुपर बोल हाच. हिगिन्स असता तर हा सामना जिंकला असता? रॉजर्सने त्या दिवशी ३४६ यार्ड फेकले. व्हाल्डेस-स्कँटलिंग या दुसऱ्या रिसीव्हरने चार झेलांत ११५ यार्ड काढले. म्हणजे ज्या जागेबद्दल ओरड होती ती जागा त्या दिवशी चालली. मोडलं दुसरंच. क्वार्टरबॅकला राखणारा डावा टॅकल डेव्हिड बाख्तियारी वर्षाच्या शेवटच्या दिवशी सरावात गुडघा गमावून बसला होता आणि रॉजर्स पाच वेळा जमिनीवर आपटला गेला. पहिल्या अर्ध्याचा एकच सेकंद उरलेला असताना टॅम्पाच्या स्कॉटी मिलरने ३९ यार्डांचा टचडाउन झेलला, केव्हिन किंग या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला अडवणाऱ्याला) मागे टाकून. आणि शेवटी आठ गुणांनी मागे असताना, गोलरेषा आठ यार्डांवर असताना, प्रशिक्षक मॅट लाफ्लूर यांनी चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, फील्ड गोल (तीन गुणांची किक) मारायला लावला. तीन गुण मिळाले, चेंडू परत मिळाला नाही.

केव्हिन किंगचं नाव निघालंय तर इथे जरा थांबतो, कारण ड्राफ्टमधल्या एखाद्या निवडीची किंमत त्या सामन्यात मोजावी लागली असेल तर ती २०२० च्या नव्हे, २०१७ च्या निवडीची. त्या वर्षी पॅकर्सचा नंबर एकोणतिसावा होता. तो त्यांनी क्लीव्हलँडला दिला, बदल्यात ३३ आणि १०८ घेतले, आणि ३३ वर किंगला निवडलं. तिसाव्या नंबरावर पिट्सबर्गने कोणाला घेतलं? टी. जे. वॉटला. मिलवॉकीजवळच्या पिवॉकीचा पोरगा, विस्कॉन्सिन विद्यापीठातच वाढलेला, ज्याने पुढे २०२१ मध्ये एका हंगामात साडेबावीस सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) करून विक्रमाशी बरोबरी केली. डोळ्यासमोर वाढलेलं पोर चार नंबर मागे सरकण्याच्या व्यवहारात गेलं. मला लव्हच्या रात्री झोप लागली होती. वॉटच्या रात्री लागली नव्हती.

टॅम्पाकडून हरल्यानंतरच्या वर्षी, २२ जानेवारी २०२२ ला, पॅकर्स सॅन फ्रान्सिस्कोकडून १३–१० हरले. त्यात एक फील्ड गोल अडवला गेला आणि एक पंट (चेंडू लाथेने दूर उडवणं) अडवून त्याचा टचडाउन झाला. रिसीव्हरची तूट त्या दिवशी जाणवली, नाकारत नाही, पण सामना अशा किकच्या वेळी उतरणाऱ्या विशेष पथकांनी घालवला.

आता २०२० च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीकडे. पॅकर्सनी २००२ मध्ये पहिल्या फेरीत एक रिसीव्हर घेतला आणि नंतर २०२५ पर्यंत एकही नाही. तरी त्यांचे रिसीव्हर उत्तम असायचे, कारण ते दुसऱ्या फेरीत निवडायचे: २००६ ला ग्रेग जेनिंग्ज, २००८ ला जॉर्डी नेल्सन, २०११ ला रँडल कॉब, २०१४ ला दवांते ॲडम्स. ही त्यांची पिढीजात रीत होती आणि ती लागू पडत होती. २०२० मध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत तब्बल तेरा रिसीव्हर गेले, त्यातले सात दुसऱ्या फेरीत. पॅकर्सनी ६२ व्या नंबरावर काय घेतलं? चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक ए. जे. डिलन. त्याच जागेचे ॲरन जोन्स आणि जमाल विल्यम्स दोघंही संघात असताना. कारण सांगितलं जातं की जोन्सचा करार संपत आला होता. पण पुढच्या वसंतात त्यांनी जोन्सलाच चार वर्षांचा करार देऊन ठेवून घेतलं. मग डिलन कशासाठी? तो मेहनती खेळाडू होता, २०२१ मध्ये ८०३ यार्ड धावला, माझा त्याच्यावर राग नाही. पण ती निवड एका न आलेल्या संकटाचा विमा होती, आणि घराला लागलेली गळती तशीच राहिली.

९४ व्या नंबरावर टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) जोसाया डिग्वारा. तो पहिल्याच हंगामात गुडघ्याने जायबंदी झाला आणि नंतरही मोठा झाला नाही. मग १३६ वा नंबर मायामीकडे गेलेला, त्यामुळे ९४ नंतर थेट १७५. मधल्या ऐंशी खेळाडूंच्या वेळी पॅकर्स नुसते बसून होते. सहाव्या फेरीत १९२ वर जॉन रन्यन हा गार्ड (क्वार्टरबॅकपुढच्या फळीतला) मिळाला, पुढे तो नियमित खेळला, ती त्या वर्षीची सुरेख पारख.

धाव अडवायला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) हवा होता हे जानेवारीतल्या त्या २८५ यार्डांनी सांगितलं होतं. डिलननंतर तिसऱ्याच नंबरावर, ६५ व्या, सिनसिनाटीने लोगन विल्सन हा लाइनबॅकर घेतला. तो पुढे त्यांच्या बचावाचा कणा झाला आणि ते सुपर बोलपर्यंत गेले. विल्सन इतका चांगला निघेल हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं, तो दोष मी पॅकर्सचे जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांना देणार नाही. पण गरज ठाऊक होती. पहिल्या फेरीत उद्याचा विचार केला, ठीक. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत आजचा करायला हवा होता. तिन्ही निवडी उद्यासाठी, आणि संघ तेरा सामने जिंकून दारात उभा, हे गणित मला आजही पटत नाही.

गुटेकुन्स्ट यांची दुसरी चूक माणसाची होती. छत्तीस वर्षांच्या रॉजर्सला आधी विश्वासात घेतलं नाही. २००५ मध्ये हाच प्रसंग त्याच्यावर दुसऱ्या बाजूने आला होता: ब्रेट फार्व पस्तिशीत, आणि चोविसाव्या नंबरापर्यंत घसरलेला रॉजर्स त्याचा वारस. फार्वशी पुढे जे बिनसलं ते सगळ्या गावाने बघितलं होतं. तरी पंधरा वर्षांनी तेच. गुटेकुन्स्ट यांनी नंतर संवाद कमी पडल्याचं मान्य केलं, पण तोवर २०२१ च्या ड्राफ्टच्या दिवशीच रॉजर्सच्या नाराजीची बातमी फुटली होती. काही जण म्हणतात, लव्ह आला म्हणून रॉजर्स पेटून उठला आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं एमव्हीपी (लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला. मला तसं वाटत नाही. २०२० चे ४८ टचडाउन आणि ५ गमावलेले चेंडू मी फिल्मवर बघितले तेव्हा मला लाफ्लूर यांच्या पद्धतीत दुसऱ्या वर्षी मुरलेला क्वार्टरबॅक दिसला. चीड असेलही, पण चिडून पायांची लय सुधारत नाही.

लव्हचं पुढे काय झालं ते तुम्ही बघताच आहात. २०२० मध्ये एकही सामना नाही, २०२१ मध्ये कॅन्सस सिटीत ऐनवेळी उतरून १३–७ ने हार. २०२३ ला रॉजर्स न्यूयॉर्क जेट्स या संघाकडे गेला आणि लव्हने पहिल्याच पूर्ण हंगामात ४१५९ यार्ड, ३२ टचडाउन, ११ गमावलेले चेंडू अशी कामगिरी केली. डॅलसमध्ये जाऊन ४८–३२ ने जिंकला. २०२४ च्या जुलैमध्ये चार वर्षांचा २२ कोटी डॉलरचा करार झाला. पण हे सांगून तुमच्या दुसऱ्या मित्राने विजय साजरा करू नये. निकाल चांगला लागला म्हणून त्या दिवशीचा विचार आपोआप बरोबर ठरत नाही. १९८९ मध्ये पॅकर्सनी दुसऱ्या नंबरावर टोनी मँडरिच घेतला तेव्हा सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. पहिला, तिसरा, चौथा आणि पाचवा निवडलेले चौघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मँडरिच तीन हंगामांत ग्रीन बेमधून बाहेर पडला. उलट १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी डॉनोव्हन मॅकनॅबची हुर्यो उडवली आणि त्याने त्यांना पाच वेळा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, नेलं.

तेव्हा पुढच्या वेळी दोघं भांडायला लागले की त्यांना २६ वा नंबर सोडून द्यायला सांगा. २०२० च्या ड्राफ्टची पूर्ण यादी उघडा आणि ६२ पासून १७५ पर्यंत एकेक नाव वाचा. प्रत्येक नावाशी थांबून विचारा, ‘त्या दिवशी आपल्याला हा हवा होता का?’ तासभर लागेल. भांडण होईलच, पण ते खऱ्या चुकीवर होईल. आणि वॉटचं नाव माझ्यासमोर काढू नका म्हणावं, ती जखम अजून ओली आहे.